कॅन्टीनमध्ये तोडायची, बागेत गेलं की ठेवायची

पत्र, थोडं कमी करून:

"ताई नमस्कार. मी ३४ वर्षांचा, नाशिकच्या अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, राहायला पाथर्डी फाट्याला. गावाकडे निफाड तालुक्यात वडिलांच्या, म्हणजे नानांच्या नावावर अडीच एकर द्राक्षबाग आहे, थॉम्पसन, बागेला १४ वर्षं झाली. नाना ६६ चे, गुडघे गेलेत. लहान भाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो एकदाचे मोकळे व्हा. गेल्या दिवाळीच्या पावसात निम्मे घड जिरले. दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याचा चेक परत आला, ते पैसे अजून नाहीत. गावच्या विकास सोसायटीचं कर्ज काढून वेलींच्या मांडवाला लोखंड टाकलं होतं तेही मनातून जात नाही. आता एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावर वेल छाटतात ती, त्याच्या आत ठरवायचंय, बाग तोडायची का ठेवायची. प्रॉब्लेम असा की कंपनीत कॅन्टीनला बसलो की पक्कं ठरतं, तोडायची. रविवारी बागेत गेलो की तेवढंच पक्कं ठरतं, ठेवायची. एक्सेल पण केलंय, कधी ही बाजू जड कधी ती. कधी वाटतं एक एकर ठेवू, बाकीची तोडू. कधी वाटतं आधी यंदाचा भाव बघू. बायको म्हणते तुमचा एक शब्द नसतो. नाना म्हणतात तू म्हणशील तसं. ताई, मी कच्च्या मनाचा आहे का?"

भाऊ, कच्च्या मनाचे नाही तुम्ही. हे आधी सांगते कारण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतंय ते हेच, बागेपेक्षा जास्त.

कॅन्टीनमध्ये तुमच्या आजूबाजूला कोण असतं बघा. एक तारखेला पगार जमा होणारी माणसं. तिथे बागेचा विषय निघतो तो पावसावरून नाहीतर त्या चेकवरून, कुणीतरी विचारतंच की अजून ते धरून बसलायस का, आणि मग तुमच्या डोक्यात तोट्याचीच कारणं एकामागून एक यायला लागतात, औषधाचं बिल, मजुरांची टोळी वेळेवर न येणं, दिवाळीतली ती रात्र. रविवारी बागेत काय असतं, मण्यात पाणी उतरलेलं, नाना काठी टेकत ओळीतून पुढे चाललेले, सावलीत थंडगार, तिथे दिवाळीचा पाऊस आठवणार कसा? दोन्ही ठिकाणी तुम्ही खरंच विचार करताय आणि दोन्ही ठिकाणची कारणं खरी आहेत, फक्त एका जागी एक अर्धी समोर येतात आणि दुसरी अर्धी नजरेआड होतात. माणूस तोच, कारणांची पाळी बदलते, तुमच्या शिफ्टसारखी.

ही गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने पत्रातच लिहून ठेवलीय आणि तेव्हाही विषय नोकरीचाच होता. जोसेफ प्रीस्टली, ज्यांचं नाव आपण शाळेत ऑक्सिजनच्या धड्यात वाचलं, ते इंग्लंडात लीड्सला धर्मोपदेशक होते आणि त्यांना एका बड्या लॉर्डकडची नोकरी आली होती, ठरत नव्हतं, म्हणून त्यांनी बेंजामिन फ्रँकलिनना विचारलं. १७७२ सालची गोष्ट. फ्रँकलिननी उत्तरात काय ठरवा ते सांगितलंच नाही, कसं ठरवा तेवढं सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की निर्णय अवघड का होतो, तर बाजूची आणि विरुद्धची सगळी कारणं एकाच वेळी डोक्यात हजर नसतात, आत्ता ही येतात तेव्हा ती दिसेनाशी होतात. म्हणून कागदाच्या मधोमध रेघ मारा, दोन रकाने करा, आणि तीन-चार दिवस जसजसं सुचेल तसतसं लिहीत राहा, मग सारख्या वजनाची कारणं दोन्हीकडून खोडत जा, उरेल ते बघा. लोक आज त्या पद्धतीतली रेघ तेवढी घेतात आणि तीन-चार दिवस सोडून देतात, जे खरं तर त्यातलं मुख्य औषध आहे. तुम्ही तुमचं एक्सेल कुठे बसून भरलंत? मला वाटतंय कंपनीतून आल्यावर रात्री, एका बैठकीत. मग ते कॅन्टीनचंच एक्सेल झालं ना, फक्त रकाने दोन.

आता त्याहून बारीक गोष्ट, आणि तुमच्या पत्राला ही इतकी लागू आहे की वाचतानाच माझ्या डोक्यात आली. १९९३ मध्ये एल्दार शफीर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांपुढे एक घटस्फोटाचा खटला ठेवला. मूल कुणाकडे द्यायचं? एक पालक सगळ्यात मधला, पगार बरा, तब्येत बरी, मुलाशी जमतं बऱ्यापैकी. दुसऱ्याचा पगार चांगला, मुलाशी अगदी घट्ट नातं, पण कामासाठी सारखा फिरतीवर, तब्येतीच्या बारीक कुरबुरी, लोकांत ऊठबस फार. काही जणांना विचारलं मूल कुणाला द्याल, तर १०० पैकी ६४ जण म्हणाले दुसऱ्याला. बाकीच्यांना विचारलं कुणाला नाकाराल, तर १०० पैकी ५५ जण म्हणाले, दुसऱ्यालाच! म्हणजे तोच माणूस द्यायलाही योग्य आणि नाकारायलाही योग्य. का, तर द्यायचं म्हटलं की आपण चांगली कारणं शोधतो आणि ती त्याच्याकडे भरपूर, नाकारायचं म्हटलं की वाईट कारणं शोधतो आणि तीही त्याच्याकडेच भरपूर. मधल्याकडे कशाचंच विशेष काही नाही.

भाऊ, तुमची बाग म्हणजे तो दुसरा पालक आहे. साधलं तर एका हंगामात मुलीच्या पुढच्या शिक्षणाची सोय, बिघडलं तर सोसायटीचा हप्ता पण खिशातून. नुसती नोकरी म्हणजे तो मधला. कॅन्टीनमध्ये लोक काय विचारतात, "कधी सोडतोस?" आणि बागेत गेल्यावर मनात काय येतं, "एवढं उभं केलेलं ठेवता कसं येईल?" प्रश्नच दोन आहेत हो, मग उत्तरं दोन आली तर त्यात तुमचा शब्द कुठे फिरला. वहिनींना हा भाग वाचून दाखवा. त्या रागाने म्हणत असतील असं मला वाटत नाही, रोज नवीन निर्णय ऐकून माणूस दमतं.

शब्दांचंही असंच. ट्वर्स्की आणि काहनेमान या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये एक प्रश्न छापला होता, साथ आलीय, ६०० लोक दगावतील, दोन उपाय आहेत. एका उपायाने २०० नक्की वाचतील असं लिहिलं तेव्हा १०० पैकी ७२ लोकांनी तो घेतला. तोच उपाय ४०० नक्की मरतील असा लिहिला तर २२ जणांनीच घेतला. आकडा तोच, उपाय तोच. आता तुमच्या घरात बघा, भाऊ म्हणतो "मोकळे व्हा", तुम्ही म्हणता "तोडायची". १४ वर्षं जिला छाटलं, बांधलं, डोळे फुटायला पेस्ट लावली तिला तोडायची म्हटल्यावर छातीत धस्स होणारच, आणि मोकळं व्हायचं म्हटल्यावर पुण्यातल्या माणसाला हलकं वाटणारच, कारण तो ते रोज बघत नाही. माझी विनंती आहे, घरात बोलताना हे दोन्ही शब्द महिनाभर बंद करा. "एप्रिलपासून त्या अडीच एकरात काय असेल आणि ते कोण बघेल" एवढंच लांबलचक वाक्य वापरा, कंटाळवाणं आहे पण ते कुणाचीच बाजू घेत नाही.

इथे माझी एक गोष्ट सांगते. पंचवटीकडे नदीजवळ आमचा वाडा होता. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर पूर मोजणारी आम्ही माणसं, २००८ च्या पुरात पाणी घरात आलं तरी कुणी वाडा सोडायचं नाव काढलं नाही. आई गेली त्यानंतर वर्षभरात मी माझा वाटा विकला, आणि सगळ्यांना कारण काय सांगितलं, पूर. सगळ्यांना पटलं. पटणारंच कारण होतं ते, कुणी उलट प्रश्न विचारत नाही. खरं कारण हे होतं की सकाळी उठून त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मला पाऊल टाकवत नव्हतं. यात लाजण्यासारखं काही नव्हतं पण ते मी स्वतःलाही सांगितलं नाही, आणि घोळ पुढे झाला. कारण पूर धरल्यामुळे मी पुढचं घर पुराच्या हिशोबाने शोधलं, नदीपासून लांब, चौथा मजला, नवी कॉलनी, जिथे दिवसभर माणूस दिसत नाही. मला उंची नको होती, मला शेजार हवा होता. तीन वर्षं काढली तिथे आणि मग पुन्हा घर बदललं. सांगायला सोपं असलेलं कारण लोकांना दिलं तर चालतं, पण पुढचा निर्णय त्याच्यावर बांधला की तो चुकीच्या जागी जाऊन बसतो.

म्हणून विचारते, तुमच्या एक्सेलमध्ये जे नाही ते काय आहे? भाव, एकरी खर्च, हप्ता हे सगळं असेल. रात्री पावसाचा आवाज आला की फाट्यावरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही उठून बसता का? कंपनीतून नानांना फोन लावताना भीती वाटते का? किंवा उलट, बाग गेली तर गावात जायला कारण उरणार नाही याची? अशी कारणं रकान्यात बसत नाहीत म्हणून ती हलकी असतात असं नाही.

एक एकर ठेवायचं म्हणताय त्याबद्दल. मधला पर्याय माणसाला ओढतो हे खरं आहे, इतामार सिमॉन्सन या संशोधकांनी १९८९ मध्ये दुकानातल्या वस्तूंवर हे दाखवलं होतं की आपल्या निवडीचं कारण दुसऱ्याला द्यायचं असेल तर लोक मधल्याकडे जास्त वळतात, कारण मधल्याचं समर्थन सोपं. तुमचंही तेच होतंय, भावाला सांगता येईल दीड एकर काढली, नानांना सांगता येईल एक एकर ठेवली. पण बागेला विचारा. ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी झाली की पुढचे चार महिने पेस्ट, फेलफूट म्हणजे नको ते फुटवे काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, आणि ढग आले की फवारणी, डावणी रोग काही तुमची फर्स्ट शिफ्ट सुटेपर्यंत थांबत नाही. अडीच एकरला जेवढ्या वेळा जावं लागतं जवळपास तेवढ्याच वेळा एक एकरलाही जावं लागतं. औषध कमी लागेल, मजुरी कमी लागेल, पण तुमच्या फेऱ्या आणि तुमची झोप याची बचत होणार नाही, आणि पेठ-सुरगाण्याकडून येणारी टोळी एक एकरासाठी तुमच्याकडे आधी येईल का हाही प्रश्न आहेच. एक एकर शेतीच्या हिशोबाने बसत असेल तर जरूर ठेवा. दोघांना खूश करायला ठेवणार असाल तर नका ठेवू.

भाव बघून ठरवू, हे ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. १९९२ मध्ये ट्वर्स्की आणि शफीर यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, आत्ता परीक्षा झालीय, सुट्टीत हवाईला जायचं स्वस्त पॅकेज आहे, घ्याल का? पास झालात असं सांगितलं त्यातले अर्ध्याहून जास्त घेतो म्हणाले, नापास झालात सांगितलं त्यातलेही अर्ध्याहून जास्त घेतो म्हणाले. पण निकाल परवा आहे असं सांगितलेल्यांपैकी १०० तले ६१ जण म्हणाले पाच डॉलर जास्त घ्या पण आम्हाला निकालापर्यंत थांबू द्या. पास झालो तर आनंद साजरा करायला, नापास झालो तर मन रमवायला, जायचं दोन्हीकडून होतं, फक्त कारण हातात नव्हतं म्हणून थांबायला पैसे मोजले. तुम्ही आज रात्री दोन ओळी लिहा. भाव चांगला मिळाला तर मी काय करीन. भाव पडला तर मी काय करीन. दोन्ही ओळींत वेगळं उत्तर आलं तर थांबण्यात अर्थ आहे, माल निघेपर्यंत थांबा. दोन्हीकडे एकच उत्तर आलं तर मग तुम्ही भावाची वाट बघत नाही आहात, लोकांना सांगायला एका कारणाची वाट बघताय, आणि त्यात छाटणीची तारीख निघून जाईल.

मांडवाचं लोखंड. जे कर्ज झालं ते बाग ठेवली तरी फेडायचंय आणि काढली तरी फेडायचंय, म्हणून ते कुठल्याच रकान्यात लिहू नका. पण अँगल आणि तारा आज उभ्या आहेत, त्याच्यावर कारली दोडकी चढतात, पुढे कधी नवी लागवड केली तर तोच मांडव कामाला येतो, ही पुढची गोष्ट आहे आणि ती जरूर लिहा. गेलेला पैसा आणि उभा असलेला मांडव आपण एकच समजतो, म्हणून मनातून जात नाही.

आता नानांबद्दल, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटतेय. एवढ्या मोठ्या पत्रात त्यांच्या वाट्याला तीन शब्द आलेत, तू म्हणशील तसं. सातबारा त्यांच्या नावावर आहे, बाग त्यांनी लावलीय. आपल्याकडे बाप माणूस असं कधी म्हणतो तुम्हाला माहितीय, एकतर खरंच सोडून दिलेलं असतं, नाहीतर हो म्हटलं तरी पोराला ओझं आणि नाही म्हटलं तरी पोराला ओझं म्हणून तोंड मिटून घेतलेलं असतं. त्याला होकार समजू नका. आणि त्यांना "नाना, काढायची का ठेवायची" असं परत विचारू नका, तेच उत्तर येईल. पुढच्या वर्षी सकाळी उठून तुम्हाला कुठे जायला आवडेल, असं काहीतरी विचारा. कदाचित ते म्हणतील दहा झाडं ठेव दारापुढे, कदाचित म्हणतील मला आता औषधाचा वास नको. मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, हाच तर मुद्दा आहे.

माझं मत विचाराल तर देते, लपवून ठेवत नाही. तुमच्या पत्रातलं एकच कारण मला असं दिसलं जे कॅन्टीनमध्येही खरं आहे आणि बागेतही खरं आहे, ते म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्या बागेत उभं राहणारं माणूस आज घरात नाही. नानांचे गुडघे नाहीत, भाऊ पुण्यात, तुम्ही शिफ्टमध्ये. पाऊस, भाव, चेक ही कारणं वर्षागणिक बदलतील, हे बदलणारं नाही, जोपर्यंत तुमच्यापैकी कुणी स्वतःला तिथे नेऊन उभं करत नाही किंवा वाट्याने बघणारा खात्रीचा माणूस मिळत नाही. तसा माणूस एप्रिलच्या आत मिळाला तर ठेवा. नाही मिळाला तर माझ्या मते यंदा खरड छाटणी करू नये. पण हे मी कॉलेज रोडवरच्या एका खोलीत बसून म्हणतेय, आणि जागेचा परिणाम माझ्यावरही होतोच, म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका.

दोन कोरे कागद घ्या. एक कागद बागेत ठेवा, मोटरच्या खोलीत वगैरे, एक डब्याच्या पिशवीत. चार रविवार बागेतला लिहा, मधल्या दिवसांत कॅन्टीनमधला लिहा, आणि एकावर लिहिताना दुसरा उघडू नका. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवा, दोन्हीकडे जी कारणं आली असतील त्यांच्याखाली रेघ मारा, बहुतेक तीन-चारच निघतील, ती वहिनींना मोठ्याने वाचून दाखवा. छाटणीला अजून सहा आठवडे आहेत, तेवढे पुरतात. आणि या रविवारी बागेतल्या कागदावर आधी नानांना लिहू द्या, तुम्ही तोवर मुलीला घेऊन बांधावरून एक चक्कर मारून या.